सिग्नलरावांचा चेहरा

"जरा जवळ येऊन बोला ना, मला ऐकायला कमी येतं," नर्सबाई म्हणाल्या.

सिग्नलरावांनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. बाईंचे कान चांगले तिखट होते. आत स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, तो आल्या आल्या त्यांनीच ऐकला होता आणि बंद करायला लावला होता. त्यांना ऐकायचे नव्हते, हुंगायचे होते. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची ही तऱ्हा सिग्नलरावांना जन्माची पाठ होती. ते खुर्ची ओढून बाईंच्या अगदी समोर बसले, पुढे वाकले आणि तोंड चांगले उघडून म्हणाले, "सकाळी उठून पाणी प्यायलो. मग चहा. मग पुन्हा पाणी. येतोय का वास कसला?"

बाई वरमल्या. पण माणूस वरमला म्हणजे त्याचे मत बदलले असे होत नाही. त्यांची नजर पुन्हा सिग्नलरावांच्या तोंडाकडे गेली आणि तिथे त्यांना हवा तो पुरावा मिळाला.

पुरावा जबरदस्त होता हे मान्य करायला हवे. गाल आणि कपाळ तांबडेलाल, आत्ताच कोणी थोबाडीत दिल्यासारखे. गालांवर बारीक शिरांचे जाळे. डोळ्यांच्या कडा लाल आणि ओलसर. आणि नाक तर गेल्या काही वर्षांत सुजत सुजत बटाट्याएवढे झाले होते, तसेच खड्ड्याखड्ड्यांचे. असा चेहरा पाहिला की शहाणीसुरती माणसेसुद्धा एकच अंदाज बांधतात, आणि तो बांधताना स्वतःवर खूश होतात.

सिग्नलरावांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. आयुष्यभर ते एका बेकरीत भट्टीवर होते. चेहरा तिशीतच रंगू लागला, तेव्हा बरोबरच्यांनी त्यांचे नाव सिग्नल ठेवले. पुढे ते भट्टीचे मुख्य झाले, म्हणून नावाला राव लागले. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी भाषणातही सिग्नलराव असाच उल्लेख केला आणि नंतर खरे नाव आठवेना म्हणून तसेच दामटून नेले. बेकरीत पिठाच्या कोठारावर एक जण होता, तो सकाळपासून झोकांड्या खायचा, पण तोंड मात्र धुतल्या तांदळासारखे. त्याला कोणी कधी काही बोलले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

लेकीच्या लग्नात व्याह्यांनी त्यांना बाजूला घेऊन खांद्यावर हात टाकला होता आणि डोळा मारून म्हटले होते, "चला, गाडीत ठेवलीय. तुम्ही आपल्यातलेच दिसता." सिग्नलराव नको म्हणाले तर व्याही आणखीच खूश झाले. म्हणाले, "कळलं कळलं, आज बायकोचा पहारा आहे."

नर्सबाई त्यांच्या बायकोला बघायला आल्या होत्या. बायकोची आठवण हळूहळू चालली होती. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावे, मग कालचा दिवस. मागच्या आठवड्यात दार उघडे राहिले आणि ती अनवाणी बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. लेक शाळेतून येणार आहे म्हणाली. लेकीचीच मुले आता कॉलेजात होती. लेकीने घाबरून एका संस्थेत चौकशी केली. अशा माणसांना ठेवून घेणारी ती संस्था होती. पण घेण्याआधी त्यांची नर्स घरी येऊन बघायची, की घरच्या घरी निभावेल की हलवायला हवे.

नर्सबाई निघाल्या तेव्हा लेक त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली. सिग्नलराव दाराआड उभे राहिले. चोरून ऐकणे वाईट, पण आपल्याच घराचा निकाल लागत असताना कोणाचे कान गप्प बसतात?

"बाबा घेतात का हो?" नर्सबाईंनी विचारले.

"छे छे. म्हणजे, आम्ही तरी कधी पाहिलं नाही," लेक म्हणाली.

सिग्नलरावांना नर्सबाईंचा राग आला नाही. परक्यांवर रागवायचे त्यांनी केव्हाच सोडले होते. पण लेकीचे उत्तर त्यांच्या छातीत रुतले. आम्ही तरी पाहिले नाही! म्हणजे न पाहिलेले असेलही.

लेक आत आली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, त्या म्हणतात आईला हलवलेलं बरं. एकट्या माणसाच्या भरवशावर नको. तीन महिन्यांनी परत येऊन बघणार आहेत. तेव्हा शेवटचं काय ते सांगतील."

"एकट्या माणसाच्या की पिणाऱ्या माणसाच्या?"

लेक टेबलावरचे चहाचे कप गोळा करू लागली.

"माझ्या तोंडाकडे बघून तुझ्या आईचा निकाल लावणार होय?"

"मग तोंडाचंच बघू या ना, बाबा. आमच्या ऑफिसात एका बाईंना असंच होतं. डॉक्टरांनी बरं केलं. एकदा दाखवायला काय जातं?"

तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून बायकोने मान वर केली. लेकीकडे पाहून ती म्हणाली, "ह्या कोण बाई?" मग तिची नजर दारातल्या तांबड्या चेहऱ्यावर गेली आणि तिचे तोंड उजळले. "अहो, आलात? दमलात ना? बसा."

ती दिवसातून वीसदा असे म्हणायची. सिग्नलराव नुसते मोरीत जाऊन आले तरी म्हणायची. लेकीला ती कधी धाकटी बहीण समजे, कधी शाळेतल्या बाई. स्वतःला आरशात पाहून नमस्कार करी. सगळे जग पुसले गेले होते आणि त्यात हा एक लाल चेहरा तेवढा उरला होता.

सिग्नलरावांना तिला संस्थेत पाठवायचे नव्हते. प्रेमबीम ते कधी बोलले नसते. पण त्यांचा एक हिशेब होता. अख्ख्या दुनियेने त्यांना दारुडा मानले, त्यात ह्या एका बाईने कधी मानले नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना एकदाही विचारले नव्हते की तुम्ही घेता का. एकदाही नाही. बसमध्ये शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला की ते मनाशी म्हणत, बस बाबा तिकडे, माझ्या घरी एक माणूस आहे. त्या एका माणसाच्या जोरावर त्यांनी सगळे झेलले होते. आता तिला परक्या पलंगावर परक्या बायकांच्या हवाली करणे म्हणजे बेइमानी झाली असती.

म्हणून सिग्नलराव नाक मुठीत धरून डॉक्टरकडे गेले. त्या नाकाला मूठ पुरत नव्हती, हा भाग वेगळा.

डॉक्टरीणबाई लेकीपेक्षा लहान असतील. त्यांनी भिंगातून गाल पाहिले, पापण्या उलट्या करून पाहिल्या, नाक दाबून पाहिले. वास घेतला नाही. सिग्नलरावांना त्या तिथेच आवडल्या.

"याला रोझेशिया म्हणतात," त्या म्हणाल्या. "कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, पुढे तशाच राहतात. कधी डोळ्यांत उतरतो, कधी नाकाची कातडी जाड होत जाते. तुमचं दोन्ही झालंय."

"भट्टीची धग आहे ती," सिग्नलराव म्हणाले.

"धगीनं वाढला. धगीनं झाला नाही."

"आणि दारूनं?" लेकीने विचारले. हळूच विचारले, पण विचारले.

"अजिबात न घेणाऱ्यांना होतो. घेणाऱ्यांचा जास्त भडकतो, इतकंच."

लेकीने सुस्कारा सोडला. आयुष्यभराची शंका अशी एका वाक्यात फिटली तिची! म्हणाली, "मग तसं लिहून द्या ना डॉक्टर, संस्थेला दाखवायला."

"आणि मी ते कपाळावर चिकटवून हिंडू का?" सिग्नलराव म्हणाले. "लिहिलेलं कोण वाचतं? लोक तोंड वाचतात."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी विचारले, "आजवर काही लावत होतात?" सिग्नलरावांनी खिशातून एक चेपलेली ट्यूब काढून टेबलावर ठेवली आणि बाईंचे हसू मावळले. ती ट्यूब मेहुणीने दिली होती, फार वर्षांपूर्वी. लावली की दोन दिवसांत लाली उतरायची. औषधाच्या दुकानात चिठ्ठीबिठ्ठी लागत नसे. लेक शाळेत असल्यापासून ते लावत होते. पालकांच्या सभेला जायचे असले की आदल्या दिवशी दोनदा.

"यात स्टिरॉइड आहे, आजोबा. हे आज आग दाबतं आणि उद्या दुप्पट पेटवतं. कातडी पातळ करून टाकलीय यानं. तुमच्या आजारात निम्मा वाटा ह्या ट्यूबचा आहे."

आगीतून उठून फुफाट्यात, तेही पदरचे पैसे देऊन! सिग्नलराव ट्यूबकडे बघत राहिले.

मग बाईंनी सगळे समजावून सांगितले. ट्यूब आजपासून बंद, आणि बंद केल्यावर चेहरा आधी भयंकर भडकेल, घाबरायचे नाही. लावायला जेल, पोटात घ्यायला गोळ्या, डोळ्यांना थेंब. चहा कोमट, तिखट बंद, उन्हात जाताना क्रीम. एवढ्याने फोड आणि जळजळ जाईल. शिरांची लाली मात्र औषधाने जात नाही, तिला लेझर लागतो, तोही थोडथोड्या अंतराने काही बैठकांत. आणि नाकाला वेगळा लेझर, तो वाढलेली कातडी एकेक थर करून उतरवतो.

"नाकाची घाई नाही," त्या म्हणाल्या. "जिवाला धोका नाहीये. नुसत्या औषधावर राहिलात तरी मी काही म्हणणार नाही. लेझर करायचा की नाही हा तुमच्या मनाचा प्रश्न आहे."

"मन राहू दे बाजूला," सिग्नलराव म्हणाले. "नर्सबाई परत यायच्या आत होईल का, तेवढं सांगा."

ट्यूब बंद झाली आणि चेहरा पिसाळला. गाल सुजले, फोड आले, त्यातून पाणी गळू लागले. उशीला तोंड लावता येईना. आरशात पाहिले तर सिग्नलरावांना स्वतःची ओळख पटेना. पण तिला पटायची. ते दारात आले की ती म्हणायची, "अहो, आलात? किती तापलंय तोंड तुमचं." मग पदर पाण्यात बुडवून त्यांच्या गालावर धरायची. पदर बुडवलेले पाणी कधी पिण्याचे असे, कधी वरणाच्या वाटीतले. सिग्नलराव गुमान बसून राहायचे. लग्नानंतर इतका लाड त्यांचा कोणी केला नव्हता.

हळूहळू जळजळ थांबली. लेझरच्या बैठका सुरू झाल्या. डोळ्यांवर झाकणे, आणि मग गालावर कोणीतरी रबरबँड ताणून ताणून सोडत आहे असे. फट्, फट्, फट्. बाहेर येताना गालांवर जांभळे वळ. बायको घाबरून विचारी, "कोणी मारलं हो तुम्हाला?" सिग्नलराव म्हणत, "पडलो गं." वळ ओसरले की दर वेळी लाली थोडी कमी झालेली असे. लेक फोनमध्ये फोटो काढून ठेवायची आणि आधीच्या शेजारी लावून दाखवायची.

शेवटी नाक. सुया टोचून ते बधिर केले आणि डॉक्टरीणबाई कामाला लागल्या. दुखत नव्हते, पण वास येत होता. जळक्या वासाचे सिग्नलरावांना नवल नव्हते, त्यांनी आयुष्यात पावाच्या किती लाद्या करपवल्या असतील. पण आज ते स्वतःच करपत होते. त्यांनी डोळे मिटले आणि आपण कशासाठी आलो आहोत ते मनाशी घोकत राहिले.

जखम ओली राहणार होती, तिला मलम, पट्टी, जपणूक. म्हणून लेक आईला काही दिवस आपल्याकडे घेऊन गेली. रिकाम्या घरात सिग्नलराव एकटे पडून राहिले आणि एके दिवशी शेवटची पट्टी निघाली. आरशात एक साधे, सरळ, जरासे गुलाबी नाक होते. वडिलांचे नाक. गाल गव्हाळ होते. सिग्नलराव आरशासमोर बसले आणि रडले. इतकी वर्षे हा माणूस आत कोंडलेला होता आणि कोणाला पत्ता नव्हता, त्यांनाही नाही. मग त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बायकोची वाट बघत उभे राहिले. नव्या नवरदेवासारखे, म्हटले तरी चालेल.

लेकीने दारातच तोंडावर हात घेतला. "बाबा! काय दिसताय हो!"

तिच्या मागून बायको आत आली. तिने सिग्नलरावांकडे पाहिले आणि पदर सावरून घेतला. परका पुरुष पाहून सावरावा तसा.

"कोण आलंय?" तिने लेकीला विचारले.

"अगं, मी," सिग्नलराव म्हणाले.

आवाज ऐकून तिचा चेहरा एकदम फुलला. ती त्यांच्या खांद्यावरून मागे पाहू लागली. मग दाराबाहेर. "आवाज आला त्यांचा," ती म्हणाली. "कुठे आहेत?"

लेकीने फोटो दाखवले. जुना, नवा, जुना, नवा. जुन्या फोटोवर तिने बोट ठेवले आणि म्हणाली, "हे आमचे हे." नव्यावर बोट ठेवायला तयार होईना. सवय होईल, लेक म्हणाली. तीही घाबरली होती, सिग्नलरावांना दिसत होते.

नर्सबाई ठरल्याप्रमाणे आल्या. या वेळी खुर्चीत आरामात मागे टेकून बसल्या. कानही ठणठणीत होते, सगळे लांबून ऐकू आले. "किती फरक पडला हो! माणूस मनावर घेतो म्हणजे काय," त्या म्हणाल्या. त्यांच्या लेखी सिग्नलरावांनी दारूच सोडली होती, दुसरे काय! दाराला उंचावर कडी लावलेली पाहिली, औषधांचे खण पाहिले, मोरीतला आधाराचा दांडा हलवून पाहिला. शेवटी म्हणाल्या, "घरी ठेवायला हरकत नाही. जबाबदार माणूस आहे घरात."

"ह्यांना जायला सांगा ना," बायको नर्सबाईंच्या कानाशी लागून म्हणाली. "दिवसभर इथेच असतात. आमचे हे आले तर काय म्हणतील?"

नर्सबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सिग्नलरावांना म्हणाल्या, "असं चालायचंच ह्या आजारात. मनाला लावून घेऊ नका."

सिग्नलराव जिंकले होते. ती घरी राहिली. फक्त तिच्या दृष्टीने तेच घरी नव्हते.

त्यांनी काय काय करून पाहिले ते सांगायला नको, पण सांगतो. गॅसवर पातेले उकळत ठेवून त्याच्या वाफेवर ते तोंड धरून उभे राहायचे. हिरव्या मिरच्या कचाकच चावायचे. उन्हात टोपी काढून बसायचे. जी लाली आयुष्यभर हाकलली तिची आता मनधरणी चालली होती. गाल जरासे गुलाबी व्हायचे, ते घाईघाईने तिच्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि ती मान फिरवायची. ती जुनी ट्यूबसुद्धा शोधली त्यांनी, पण लेकीने केव्हाच फेकून दिली होती. आणि सगळे जमले असते तरी नाक कुठून आणणार?

एक मात्र त्यांच्या ध्यानात आले. ते स्वयंपाकघरात असले आणि तिथून बोलले, की ती ओळखायची. मधल्या भिंतीतून गप्पा व्हायच्या. "अहो, जेवलात का?" "जेवलो. तू?" "मला ते भाऊ वाढतात." भाऊ म्हणजे तेच. चेहऱ्याचा माणूस भाऊ आणि आवाजाचा माणूस नवरा, अशी तिने आपली सोय लावून घेतली होती. बाहेर येताना सिग्नलरावांना नवऱ्याला आत ठेवून यावे लागे.

भाऊची भीती हळूहळू गेली. एका दुपारी ते तिला दुधात पाव बुडवून भरवत होते. खाता खाता ती थांबली.

"भाऊ, तुम्ही भले आहात. तुम्हाला सांगते. कोणाला बोलू नका हं."

"नाही बोलत."

"आमचे हे पितात."

चमचा वाटीतच राहिला. सिग्नलरावांना वाटले, आपण चुकीचे ऐकले.

"काय म्हणालात, वहिनी?"

"दारू हो. पहिल्यापासून. मी कोणाला कळू दिलं नाही. माहेरीसुद्धा नाही. कामावरून आले की दारातच शर्ट काढून घ्यायची मी, धुवायच्या निमित्तानं. आंबूस वास यायचा. रोज यायचा. म्हणायचे, पिठाचा आहे. मी काय जन्मात पीठ मळलं नाही? पिठाला कधी असा वास येतो?"

येतो. यीस्ट घालून फुगायला ठेवलेल्या पिठाला येतो. मणामणाच्या त्या पिठात कोपरापर्यंत हात घालून उभे राहिले की कपड्यांना येतो, केसांना येतो, साबणाने जात नाही. बेकरीतल्या सगळ्यांना तो येई, म्हणून कोणालाच येत नसे. दारात उभी राहून शर्ट काढून घेणारी बायको! बरोबरच्यांना ते कौतुकाने सांगायचे, आमच्या घरी अशी वाट बघतात.

"नाही हो वहिनी," ते म्हणाले. "मी ओळखतो त्यांना. त्यांनी कधी घेतली नाही. तो पिठाचाच वास. आणि चेहऱ्याचा तो आजार होता, डॉक्टरांनी सांगितलंय."

ती खुदकन हसली. "तुम्ही पुरुष एकमेकांची बाजू घेणारच."

"खरं सांगतो."

"असू दे हो. मारलं नाही कधी, शिवी दिली नाही. भरल्या घरात ठेवलं. माणूस चांगला." तिने तोंड पुढे केले, एक घास घेतला, सावकाश चावला. "पण भीती वाटायची. आज नाहीतर उद्या कुठेतरी पडतील, कोणीतरी सांगायला येईल. म्हणून पोरीला पाठवायची नाक्यावर, बाबांना घेऊन ये म्हणून. पोर बरोबर असली की माणूस वाट सोडत नाही."

"मग विचारलं का नाही कधी?"

"त्यांना?" ती वाटीकडे बघत राहिली. "विचारलं आणि हो म्हणाले असते तर मग काय केलं असतं? कुठे गेले असते मी? न विचारलेलं बरं असतं, भाऊ."

सिग्नलरावांनी वाटी खाली ठेवली, तिचे तोंड पुसले आणि ते उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्याला दोन्ही हात टेकून उभे राहिले. त्यांना ओरडायचे होते. कोणावर ओरडणार? जिने फसवले तिच्या मनात फसवायचे नव्हते. जगाची गोष्ट निराळी, जगाने तोंडावर म्हटले होते. हिने न म्हणता इतकी वर्षे उरावर दगड ठेवून संसार केला आणि त्या दगडाला ते विश्वास समजत होते. तिचे आयुष्य भीतीत गेले आणि भ्यायला काही नव्हतेच. एकदा विचारले असते तर एका शब्दात संपले असते. की नसते संपले? व्याह्यांना नाही म्हटले तेव्हा त्यांनी कुठे मानले होते?

त्यांचा हात लागून एक पेला खाली पडला आणि घरंगळत गेला.

"अहो, आलात का?" बाहेरून तिने हाक मारली.

त्यांनी डोळे पुसले. "आलो."

"इतका उशीर?" मग ती जराशी थांबली. भाऊशी बोलून तिला धीर आला असावा. "अहो, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"पिऊन आलात का?"

जन्मात पहिल्यांदा तिने विचारले होते. सिग्नलरावांकडे उत्तर तयार होते, चाळीसएक वर्षे तयार होते. नाही, कधीच नाही, थेंब नाही. ते खरे होते आणि तिच्या काही कामाचे नव्हते. पिणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. तिने ते ऐकले असते, बरं म्हणाली असती आणि उद्या पुन्हा शर्टाची वाट बघत दारात उभी राहिली असती. पुन्हा भ्यायली असती. त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

"नाही," ते म्हणाले. "सोडली मी."

बाहेर वाटी सरकवल्याचा आवाज आला.

"खरंच?"

"खरंच. बंद केली. आता कधी नाही."

"शपथ?"

"तुझी शपथ."

आधी त्यांना वाटले ती रडते आहे. मग कळले, हसते आहे. रडतही होती बहुतेक. लग्न झाल्या वर्षी हसायची तशी, तोंडावर हात न घेता. "बाई गं," ती स्वतःशीच म्हणत होती, "बाई गं, सुटले." खुर्ची करकरली. ती उठायला बघत होती.

"मग असे आत काय उभे? बाहेर या ना," ती म्हणाली. "बघू तरी तुमचा चेहरा."

"आलोच," सिग्नलराव म्हणाले, आणि तिथेच ओट्याला टेकून उभे राहिले.